सोनीला टेकडीवरनं उतरवलं ते साल

माझ्या स्वताच्या वाढन्याचं सांगायला माझ्यापाशी लई काय न्हाई. मेंढरामागं हिंडता हिंडता कव्हा परकर सुटला आन कव्हा लुगडं आलं ते मला ठावं न्हाई. शाळा दुसरीपोत. त्यात बी मास्तर आला तर. लग्न झालं तव्हा मी मांडवात झोपले व्हते म्हनं, मामानं उचलून उभी केली. कोनी इचारलं न्हाई, मी बी काय सांगितलं न्हाई. तरणंपन म्हंजी काय असतं ते मी बघितलं ते माझ्या नातीचं, सोनीचं. ते बी धा हात लांबून, चुलीपाशी बसून. म्हनून ह्या प्रकरनात माझं कमी हाय आन तिचं जास्त हाय. पन जे झालं ते माझ्या हातानं झालं, म्हनून ते माझ्याच गोष्टीत सांगायला पायजे.

आमची वस्ती वडवणीच्या पुढं, डांबरी सोडून आत. दोन खोल्या, वर पत्रे, म्होरं लिंबाचं झाड आन त्याच्याखाली सात शेळ्या. माझा लेक भागवत आन सून कांता दसरा झाला की ऊस तोडायला जायचे, कधी कोल्हापूरकडं, कधी पार कर्नाटकात. यायचे ते चैतात. तंवर घरात मी आन सोनी. ती चौथीला व्हती तव्हापासून असंच. सकाळी तिची शाळा, माझ्या शेळ्या. दिस मावळायला आला की मी भाकरी थापायची आन ती चटनी वाटायची. शेंगदान्याची चटनी ती वरवंट्यानं वाटायची, मिक्सर घेऊ म्हनलं तरी न्हाई म्हनायची. हुलग्याचं माडगं तिला लई आवडायचं. थंडीत आमी दोघी पातेल्याभोवती बसून ते प्यायचो, ती फू फू करत आन मी तशीच गरम. ती म्हनायची, "आजी, तुझी जीभ हाय का तवा हाय?" घरात मानसं दोनच, पन आवाज लई असायचा. शेळ्यांचं ब्यॅ ब्यॅ, पत्र्यावर चिमन्यांचे पाय, आन सोनीची बडबड.

दहावीनंतर भागवतनं त्याचा जुना मोबाईल तिला दिला. कोपरा फुटलेला, त्याला चिकटपट्टी. कालेजचं त्याच्यावरच येतं म्हनली. पन त्याच्यात तिनं एक खेळ घेतला. मी पयल्यांदा बघितलं तव्हा मला वाटलं कसली तरी लढाई चाललीय, मानसं पळतेत, लपतेत, बार काढतेत. मला काय ते आवडलं न्हाई. पन मंग मी तिचा आवाज ऐकला. पाच पोरी मिळून तो खेळ खेळायच्या, एक नागपूरची, एक सांगलीची, बाकीच्या कुठल्या देव जाने. समद्यांच्या कानात आमच्या सोनीचा आवाज. "मागं सर, मागं सर. डाव्या अंगाला दोघं हायत. ताई तू थांब, मी बोलल्याबिगर हलू नको." घरात शेळीला हाड म्हनायला लाजनारी पोर, आन तिथं तिच्या एका शब्दावर परमुलखातल्या चार पोरी हलायच्या. मी भाकरी थापता थापता थांबायची. अशी हाक मी फकस्त माझ्या बापाची ऐकली व्हती, लांडगं आल्यावर मेंढरं गोळा करताना.

घरात मोबाईलला नेट न्हाई, दारात उभं राहिलं तर नुसतं बोलन्यापुरती रेंज. आमच्या वस्तीच्या मागं एक बुटकी टेकडी हाय, वर म्हसोबाचा दगड. तिथं रेंज फुल. सोनी रोज दुपारी कालेजातून आली की भाकरीचा तुकडा हातात घेऊन टेकडीवर जायची आन दिस बुडायच्या आत खाली यायची. दीड वर्स तिनं तिथं बसून तो खेळ खेळला. मला सांगायची, "आजी, माझं खातं लई वर गेलंय." मी म्हनले, "बँकेत?" ती हसून हसून पडली. "बँकेतलं न्हाई गं. खेळातलं खातं. त्यात माझं नाव असतं, म्या किती जिंकले ते असतं, माझा नंबर असतो. एवढ्या दिसांची कमाई हाय ती." मंग मला कळलं. आमच्यात बी एखाद्याच्या कळपाचं नाव असायचं, की ह्याची मेंढरं चांगली, ह्याला रानात येऊ द्या. तसं ते नाव.

बारावीच्या आदल्या उन्हाळ्यात भागवत आन कांता घरी व्हते तव्हा पुन्याहून एका बाईचा फोन आला. ती पोरींना हा खेळ शिकवती, तिची संस्था हाय, सोनीचा खेळ तिनं मोबाईलवर बघितला व्हता. सोनीनं फोन भागवतच्या हातात दिला. चार पोरी निवडायच्यात, म्हनली, ऱ्हायला जागा, जेवन, तिथंच कालेज. नवरात्राच्या आदी एक निवड हाय, ती सोनीनं तिच्या त्याच खात्यावरून खेळायची. जुनं, स्वच्छ खातं पायजे, दुसऱ्याचं चालत न्हाई. भागवत इश्वास ठेवीना. म्हनला, "मोबाईल खेळायला कोन जेवन देतंय?" मंग ती मॅडम एकदा बीडला आलती तव्हा आमच्या घरी आली. पत्र्याखाली बसली, धपाटं खाल्लं, भागवतला कागद दाखवले. तिच्यासंगं अजून एक पोरगी व्हती, नगरकडची, तिचा बाप बी तोडीचाच. तिला बघून भागवतनं ते कागद पुन्हा हातात घेतले.

आता इथं मला एक गोष्ट सांगायला पायजे, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. ऊसतोडीला एकटा मानूस घेत न्हाईत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम इचारतो ते "किती मानसं" असं न्हाई इचारत, "किती कोयते" इचारतो. म्हनून आमच्याकडं पोराला बायको लागती ती दसऱ्याच्या आदी. आन घरी वयात आलेली पोरगी ठेवून आई-बाप सा महिने तोडीवर असले तर त्यांच्या जिवाला घोर. सोनीला दिंद्रुडकडचं एक स्थळ आलतं. पोरगा बरा व्हता, दारू न्हाई, पन त्याला कोयता जुळवायचा व्हता. मॅडम गेल्यावर भागवत लिंबाखाली बसला आन सोनीला म्हनला, "हे बघ, मी आडवा येत न्हाई. तुझी निवड झाली तर तू पुन्याला जा. न्हाई झाली तर मंग मला इचारू नको. तुला घरी ठेवून मी पुन्हा तोडीला जानार न्हाई." सोनी म्हनली, "होईल, दादा." बापाला ती दादाच म्हनायची. तिच्या आवाजात जरा बी कंप नव्हता. मी बघत व्हते.

श्रावनात माझी जाऊ गोदा आली. गोदाचं घर रस्त्याला, समदं गाव तिच्या दारावरून जातं. चहा पिताना म्हनली, "आक्का, तुझी नात म्हसोबाची पुजारीन झाली का गं?" मी म्हनले, "कावून?" ती म्हनली, "रोज टेकडीवर असती. एकटीच हसती, एकटीच बोलती. कानात ते बोंडं. लोकं काय म्हनतेत ते मी सांगत न्हाई. भागवतच्या कानावर गेलं तर तूच भोगशील." ती गेली पन ते शब्द घरात राहिले. मी रातभर झोपले न्हाई असं न्हाई, झोपले, पन सकाळी उठले तव्हा ठरलं व्हतं. मला वाटलं, भागवतनं ऐकलं तर तो पुन्याला जायाचं बी बंद करंल. त्याच्या आदी मीच काय तरी करते. सोनी भाकरी घेऊन निघाली तव्हा मी दारात आडवी उभी राहिले.

"आजपासून टेकडी बंद."

"आजी, निवड महिन्यावर आलीय."

"पंचायतीपाशी अभ्यासिका हाय ना. पोरींची खोली येगळी हाय. फुकट नेट हाय. तिथं बसून खेळ. लोकांच्या डोळ्यासमोर बस."

"तिथं खेळ चालत न्हाई गं. त्यांनी खेळ बंद करून ठेवलेत, पोरं अभ्यास करत न्हाईत म्हनून."

"मंग काय तरी कर. पन टेकडीवर जायचं न्हाई. माझी शपथ हाय तुला."

शपथ घातली मी. तिनं हातातली भाकरी परत टोपल्यात ठेवली.  ते मला आज आठवतं, तव्हा वाटतं ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

अभ्यासिकेत तिची मैत्रीण पूजा बसायची. पूजानं तिला एक फुकटचं ॲप टाकून दिलं. त्याचं नाव व्हीपीएन. ही तीन अक्षरं तव्हा माझ्या तोंडी बसली ती आजून निघत न्हाईत. सोनीनं घरी येऊन मला खुशीत दाखवलं. मोबाईलच्या वर कोपऱ्यात बारकी किल्ली आलती. ती म्हनली, "हे लावलं की अभ्यासिकेच्या नेटला कळतच न्हाई मी खेळते ते. आन खेळाला वाटतं मी दुसऱ्याच देशात बसलीय. कधी जपान, कधी जर्मनी, ते आपआपच ठरवतं." मी किल्ली बघून म्हनले, म्हंजी घराला कुलूप हाय, चांगलं झालं. मंग मला एक आठवलं. आमच्या तरुनपनी मेंढरांच्या पाठीवर गेरूची खून असायची, ज्याची त्याची येगळी. काही चोरटी मानसं दुसऱ्या गावची खून लावून मेंढरं परक्या रानात सोडायची. सापडली की कळप समदाच कोंडवाड्यात. मी सोनीला म्हनले, "म्हंजी परकी खून लावून चरायला सोडल्यासारखं का?" ती हसली. "हां आजी, बराबर तसंच." मी म्हनले, "आन कोनी धरलं तर?" ती म्हनली, "कोन धरतंय? समदेच लावतेत." मला तेवढं कळलं व्हतं. पन मी गप बसले, कारन टेकडी माझ्याच तोंडानं बंद झालती. आता ह्याला बी न्हाई म्हनले असते तर पोरीनं जायचं कुठं?

तो महिना बरा गेला. खरं सांगायचं तर लई बरा गेला. गोदा रस्त्यावर दिसली की मी मान वर करून चालायची. सोनी पोरींच्या खोलीत, समद्यांच्या म्होरं. भागवत बी दोनदा तिथून जाताना डोकावला आन घरी येऊन म्हनला, "अभ्यास करती की पोरगी." कांतानं पुन्याला न्यायला दोन ड्रेस शिवून घेतले, एक पिवळा, एक निळा. मी तिळाची चटनी करून बरनीत भरली, तिथं भाकरी मिळनार न्हाई पन चटनी चपातीसंगं बी चालती.

निवडीला दोन दिस राहिले असतील. दुपारच्याला मी शेळ्यांना पानी दावत व्हते. सोनी अभ्यासिकेतून आली ती चालतच आली, पळत न्हाई. दप्तर खाली ठेवलं. मोबाईल माझ्यापुढं धरला. मला वाचता येत न्हाई ते तिला ठावं, तरी धरला. पांढऱ्यावर लाल अक्षरं.

"काय हाय हे?"

"खातं बंद केलं."

"कोनी?"

"खेळवाल्यांनी. म्हनतेत, एका दिसात चार देशांतून खातं उघडलं. हे खातं चोरलेलं न्हाईतर इकलेलं हाय. नियम मोडला. कायमचं बंद."

मी म्हनले, "मंग सांग की त्यांना, मी इथंच हाय म्हनून. वडवणीला हाय म्हनून." ती म्हनली, "सांगायला मानूसच न्हाई आजी तिथं." तिनं तरी लिहिलं. पूजा आली, दोघींनी मिळून इंग्रजीत लिहिलं, की मी शेतमजुराची पोरगी हाय, अभ्यासिकेत खेळ चालत न्हाई म्हनून मी ते ॲप लावलं, चोरी केली न्हाई. घडीत उत्तर आलं. पूजानं मला मराठीत सांगितलं, "तपासलं, निर्नय बदलनार न्हाई." पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. पाच डाव लिहिलं. तिकडं मशीनच बसवलेली हाय म्हनं, तीच वाचती आन तीच उत्तर देती. मी म्हनले, मला त्या मशीनपाशी न्या, मी पाया पडते. पूजा रडायला लागली. सोनी रडली न्हाई.

सांजच्याला मॅडमचा फोन आला. त्या सोनीवर चिडल्या, मंग मऊ झाल्या. मोबाईल मोठ्यानं लावला व्हता, मी ऐकलं. "अगं, फुकटचे व्हीपीएन कधी लावायचे नसतात. एक तर खेळवाल्यांना संशय येतो, आणि त्यातून तुझा पासवर्डसुद्धा कुणी उचलू शकतं. तुझ्या नावानं कुणी काय केलं हेही आता कळणार नाही. मला विचारायचं होतंस." सोनी म्हनली, "मॅडम, नवीन खातं काढू का?" मॅडम म्हनल्या, "काढ. पण त्याला तो नंबर यायला सहा-आठ महिने लागतील. परवाच्या निवडीत बंद पडलेलं खातं मी दाखवू शकत नाही. माझ्या हातात नाही बाळा." सोनी म्हनली, "बरं मॅडम." तिनं मॅडमला टेकडीचं सांगितलं न्हाई. माझी शपथ सांगितली न्हाई. मी तिथंच बसलेली, तिनं एक शब्द माझ्यावर येऊ दिला न्हाई.

मीच भागवतला सांगितलं. तो दावं वळत बसलता. मी म्हनले, "तिची चूक न्हाई. मी तिला टेकडीवरनं उतरवली. लोकं बोलत व्हती म्हनून. तिथं बसली असती तर तिला ते ॲप लागलंच नसतं." भागवतनं दावं खाली ठेवलं. म्हनला, "आई, मी काय कसाई हाय का? मला बी वाटत व्हतं जावी. पन आता मी काय करू? सा महिने पोरगी कोनाच्या भरवशावर ठेवू?"

मी म्हनले, "माझ्या."

तो म्हनला, "तुझ्याच भरवशावर ठेवली व्हती की."

तो तोडून बोलला न्हाई. दमलेल्या मानसासारखं बोलला. म्हनून ते जास्त लागलं. 

निवडीच्या दिशी सोनी घरीच व्हती. अकराच्या सुमाराला तिनं मोबाईलात येळ बघितली आन मोबाईल पालथा ठेवला. मंग चटनी वाटायला बसली. लई बारीक वाटली, इतकी की त्याला तेल सुटलं.

त्याच दिंद्रुडकडच्या पोराशी लग्न आठ दिसात लागलं. तिथी बघितली न्हाई, पत्रिका न्हाई, मारुतीच्या देवळात पन्नास मानसं. तिला अठरा व्हायला थोडं कमी व्हतं, ते कोनी बोललं न्हाई, गोदा बी न्हाई. पिवळा ड्रेस तिनं हळदीला घातला. नवरा पोरगा भला, मान खाली घालून बसला व्हता, त्याला बी कोनी इचारलं नसंल. दसऱ्याच्या तिसऱ्या दिशी दोन टोळ्यांचे ट्रक वस्तीवर आले. त्यांच्यात भांडी, बाजरीचं पीठ, ताडपत्री, दुसऱ्या बायांची लेकरं. भागवत आन कांता एका ट्रकात, सोनी आन तिचा नवरा दुसऱ्या टोळीत, दुसऱ्या ट्रकात. मुकादमानं वहीत बघून म्हनलं, "हा नवा कोयता." सोनी चाकावर पाय देऊन वर चढली. मी खाली उभी व्हते. ती म्हनली, "आजी, शेळीला दिस भरलेत, काळजी घे." तेवढंच म्हनली.

घर मोकळं झालं. मंग मी एकटीच शेळ्या घेऊन हिंडायला लागले. पौषात म्हना, माघात म्हना, एक दिस शेळ्या आपआप टेकडीवर चढल्या, तिथं बोरी हायत. मी त्यांच्यामागं चढले. म्हसोबापाशी बसले. वरनं गोदाचं घर दिसत व्हतं, अभ्यासिका दिसत व्हती, समदं दिसत व्हतं. आन मला एकदम समजलं. मी रोजच शेळ्या चारायची. बरडावर चारायची, वढ्याला चारायची. ह्या टेकडीवर चारल्या असत्या तर? ती खेळली असती, मी पाच हातावर बसले असते. म्हातारीच्या म्होरं बसलेल्या पोरीला कोन काय बोलतंय? एका महिन्याचा तर परश्न व्हता. इतकं सोपं, आन ते माझ्या टाळक्यात आलं न्हाई. बाईच्या जातीला कुठं बसू नको हे सांगायची आमाला सवय. तिच्यासंगं जाऊन बसायची सवय न्हाई. माझी आई माझ्यासंगं कुठं बसली न्हाई, मी कांतासंगं बसले न्हाई. मी त्या दिशी तिथं रडले का, असं कोनी इचारलं तर न्हाई रडले. शेळ्या पोट भरून खाली आल्या, मी बी आले.

फाल्गुनात मॅडमचा फोन आला. कांता जाताना घरात एक साधा मोबाईल ठेवून गेलती, दारात उभं राहिलं तर त्याला जरा रेंज येती. मॅडम म्हनल्या, "आजी, सोनालीचा फोन लागत नाही. तिनं नवीन खातं काढलं का?"

मी म्हनले, "न्हाई बाई. ती तोडीला गेली."

"सुट्टीत?"

"लग्न करून."

  मॅडम म्हनल्या, "आम्ही पुढच्या वर्षी परत निवड घेणार आहोत. तिला तेवढं सांगाल का? खातं नवीन असलं तरी चालेल, मी बघेन."

मी म्हनले, "सांगते."

सोनीचा फोन आठ-पंधरा दिसांनी येतो, फडातून, नवऱ्याच्या मोबाईलवरनं. पाठीमागं ऊस सळसळतो, बाया हाका मारतेत. ती इचारते, शेळीची पिलं केवढी झाली, तुझा गुडघा कसा हाय. मी समदं सांगते. मॅडमचं ते वाक्य दर फोनला माझ्या तोंडापोत येतं. सांगावं का न्हाई ते मला कळत न्हाई. सांगितलं तर तिच्या मनात पुन्हा आस लागंल, आन तिथं उसात आस घेऊन ती काय करंल? न्हाई सांगितलं तर मी दुसऱ्यांदा तिला अडवली. परवा बी तिचा फोन आलता. समदं बोलून झालं आन ती म्हनली, "आजी, अजून काय?"

मी म्हनले, "काय न्हाई. जेवून घे."